घरची जुनी स्कूटर : काय उघडावे आणि काय उघडू नये



सकाळी पावणेसातला शाळेच्या फाटकाशी उभे राहिले की कोणत्या पालकांची गाडी येत आहे, हे आम्हाला पाठ करूनही कळते. नव्या गाड्यांचा आवाज सगळ्यांचा सारखाच असतो. जुन्या स्कूटरचे तसे नाही. एकीचे मडगार्ड वाजते, एक चौकात बंद पडते, एक येण्याआधी तिचा धूर येतो. जुन्या दोन स्ट्रोकच्या स्कूटर आता आपल्या शाळेत चार-पाचच उरल्या आहेत. त्यातली एक आमची आहे, 1988 सालची बजाज चेतक. ती आमच्या वडिलांनी घेतली होती.

हल्लीच्या मुलांना सांगावे लागते म्हणून सांगतो. चेतक 1972 पासून पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यात बनू लागली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. त्या काळात पैसे भरून नंबर लावायचा आणि काही वर्षे वाट बघायची, अशी पद्धत होती. नंबर लागला की आधी मारुतीला नारळ, मग नातेवाइकांना पेढे. 2009 च्या डिसेंबरात कंपनीने स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. 2020 पासून चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले आहे, पण तिला किक नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन रविवार आमची स्कूटर शाळेच्या पटांगणात आणून नववीच्या मुलामुलींसमोर उघडली. पुस्तकात इंजिनाचे चित्र असते. ते चित्र आम्हीही हिंदी माध्यमात शिकलो आणि 'संपीडन', 'प्रज्वलन' असे शब्द घोकून बी. एस्सी. पास झालो, पण प्लग पहिल्यांदा हातात धरला तो नोकरी लागल्यावर. मुलांबरोबर काही पालकही थांबले आणि घरी काय करता येईल असे विचारू लागले. तेव्हा जे बोललो तेच इथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत. मोटरसायकल किंवा जुनी मारुती असलेल्यांनाही यातले बरेच उपयोगी पडेल, पण आकडे मात्र आमच्या स्कूटरचे आहेत. आपल्या गाडीचे आपल्या पुस्तिकेत बघावे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

2016 च्या जुलैमध्ये आम्ही ताईंना मागे बसवून रामबागेकडून घरी येत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. पुलाचा उतार लागला, आम्ही पायाचा ब्रेक दाबला आणि तो तळापर्यंत गेला. मागच्या ब्रेकची वायर तुटली होती. हाताचा पुढचा ब्रेक ओल्या रस्त्यावर जोरात दाबला असता तर गाडी घसरली असती, म्हणून थोडा थोडा दाबत, गिअर उतरवत खाली आलो. तरी शेवटी केळ्यांच्या हातगाडीला धडकलोच. आम्हाला खरचटले. ताईंचे मनगट मोडले आणि सहा आठवडे प्लास्टर राहिले. त्यांनी आजवर एकदाही ते बोलून दाखवले नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागते.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी वायर ओढून काढली आणि आमच्यासमोर धरली. आतली तार एक नसते. बारीक तारांचा पीळ असतो. त्यातल्या बहुतेक तारा आधीच तुटलेल्या, गंजून काळ्या झालेल्या होत्या. ताजी, चकचकीत तुटलेली टोके फक्त तीन-चार होती. 'सर, ये तो कब की जा चुकी थी,' एवढेच ते म्हणाले.

आता खरी गोष्ट. त्या आधीच्या महिन्यात ब्रेक तीनदा ढिला झाला होता, आणि तिन्ही वेळा आम्ही स्वतः मागच्या चाकाजवळचा नट आवळून तो नीट केला होता. मोठ्या अभिमानाने, घरच्यांना दाखवून. आम्ही तक्रार मिटवत होतो आणि कारण जागच्या जागी ठेवत होतो. इतकेच नाही, तर नट आवळल्यामुळे ब्रेक चांगला लागायचा आणि आत काय चालले आहे ते झाकले जायचे. वायर तुटत आली की ती लांबते. ब्रेक शूचे लायनर झिजले तरी पेडल खाली जाते. दोन्ही वेळा नट आवळला की पेडल वर येते. नटाला यातले काही कळत नाही. ते आपल्याला कळले पाहिजे.

तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे. एकच वस्तू एका महिन्यात दुसऱ्यांदा आवळावी लागली, तर तिसऱ्यांदा आवळायची नाही, उघडून बघायची. ब्रेकच्या बाबतीत तर उघडून बघणेही मिस्त्रींकडे.

केबलला आपण सगळे 'वायर'च म्हणतो, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे. विजेच्या वायरीशी गल्लत करू नये. स्कूटरवर अशा वायरी पुष्कळ असतात. दोन ब्रेकच्या, एक क्लचची, दोन गिअरच्या, एक ॲक्सिलरेटरची. घरी करता येण्यासारखे सगळ्यात मोलाचे काम म्हणजे यांची तपासणी, आणि त्याला पैसा लागत नाही. लिव्हरच्या बोंडाजवळ वायर जिथे वाकते तिथे उजेडात बघावे. एक जरी तार सुटून केसासारखी उभी राहिलेली दिसली, तरी ती वायर बदलावी. पुढच्या महिन्यात नाही, त्याच आठवड्यात. मागच्या ब्रेकची वायर पायाखालून, फरशीच्या तळातून जाते, तिथे चिखल-पाणी बसते. आमची तिथेच गंजली. गाडी स्टँडवर घेऊन, खाली वर्तमानपत्र पसरून, बॅटरी मारून बघावे लागते. कपडे खराब होतात, त्याला इलाज नाही.

वायरीला तेल देण्याची जुनी युक्ती आहे. हातातल्या लिव्हरपासून वायरीचे टोक सोडवायचे, बाहेरच्या नळीच्या तोंडाशी कागदाचा छोटा शंकू करून दोऱ्याने घट्ट बांधायचा, त्यात चमचाभर पातळ मशीन तेल घालून रात्रभर ठेवायचे. सकाळपर्यंत तेल आत उतरते. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीत एकदा पुरते. खोबरेल घालू नये. आमच्या शेजारच्या काकूंनी प्रेमाने घातले होते. डिसेंबरच्या थंडीत ते थिजले आणि क्लच सुटेना.

आता गाडी चालू होत नाही, ही रोजची तक्रार.

चालू न होणाऱ्या स्कूटरला आपण दोन शिक्षा देतो. आधी तीस किका, मग आडवी करणे. आडवी करण्यात अगदीच अर्थ नाही असे नाही. टाकीत पेट्रोल तळाशी असले तर ते नळीच्या तोंडाकडे सरकते, आणि कार्बोरेटरमधला तरंगणारा फ्लोट हलून त्याची अडकलेली सुई कधी कधी सुटते. पण रोज सकाळी आडवी करावी लागत असेल, तर ती सवय नाही, आजार आहे. टाकीच्या कॉकची जाळी किंवा कार्बोरेटर साफ करायला झालेला आहे. आडवी केल्यावर पेट्रोल सांडते हेही लक्षात असू द्यावे. शेजारी उदबत्ती, विडी, गॅस काही नको.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवेत मिसळलेले पेट्रोल, ठिणगी आणि दाब. यातल्या पहिल्या दोन घरी तपासता येतात, आणि त्या दोन्हींची बातमी एकट्या प्लगकडे असते. आधी कॉक उघडा आहे ना, रिझर्व्हवर आहे का, किल्ली चालू आहे ना, हे बघून घ्या. हसू नका, आम्ही स्वतः बंद कॉकवर घामाघूम झालेलो आहोत. मग पाच-सहा किका मारून प्लग पान्याने प्लग काढा. इंजिन गार असतानाच काढावा. प्लगचे टोक कोरडे ठणठणीत असेल, तर पेट्रोल आत पोचतच नाही. कॉक, नळी, कार्बोरेटर यांच्याकडे बघा. टोक पेट्रोलने ओले असेल, तर पेट्रोल पोचते आहे पण पेटत नाही. मग ठिणगी बघा.

ठिणगी बघण्याची रीत सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यातला धोका माहीत नसतो. प्लग काढल्यावर किक मारली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ फवाऱ्यासारखी बाहेर येते. तिथेच शेजारी प्लग धरून ठिणगी पाडली, तर भडका उडू शकतो. म्हणून आधी कॉक बंद करा, प्लग नसतानाच पाच-सात किका मारून आतली वाफ काढून टाका, सांडलेले पुसा, थोडा वेळ थांबा, भोकावर जाड कापड ठेवा. मग प्लगला टोपी लावून त्याचा लोखंडी भाग भोकापासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा. धरायचे ते रबरी टोपीला, धातूला नाही. नाहीतर असा झटका बसतो की मास्तरांची छडी आठवावी. निळी, टणक ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी ठिणगी किंवा ठिणगीच नाही, तर आधी नवा प्लग लावून बघा. तरीही नसेल तर पॉइंट, कॉइल, कंडेन्सर यांची शंका येते. आमच्या गाडीला अजून जुने पॉइंट आहेत. त्यांची फट 0.3 ते 0.5 मि.मी. असावी लागते. ते काम मॅग्नेटच्या खिडकीतून होते, आणि ते आम्ही मिस्त्रींवर सोडतो. आमचा हात तेवढा स्थिर राहिलेला नाही.

प्लगच्या टोकाचा रंग ही गाडीची जीभच समजा. वैद्य जीभ बघतात तशी ती बघावी. बिस्किटासारखा भुरा रंग असेल तर सगळे ठीक. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त पडते आहे किंवा प्लग कमी तापतो आहे. काळी, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, म्हणजे एअर फिल्टर बघा. पांढराफट पडला असेल तर इंजिन जास्त तापते आहे, मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरते आहे. हा पांढरा रंग दिसला तर गाडी चालवू नये, कारण अशाने पिस्टन धरतो. प्लगची फट 0.5 ते 0.6 मि.मी. लोखंड कापायच्या करवतीचे पाते साधारण तेवढ्याच जाडीचे असते, ते फटीतून जेमतेम सरकले पाहिजे. साफ करायला पितळी ब्रश किंवा रेगमाल, म्हणजे पॉलिश पेपर, घ्या. प्लग परत बसवताना सुरुवातीचे आटे बोटांनी फिरवावे. पाना शेवटी लावावा, तोही बेताने. इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असते, आटे एकदा गेले की शंभर रुपयांच्या प्लगपायी मोठा खर्च निघतो.

इथे एका पालकांची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांची स्कूटर घरून झकास निघायची आणि तीन-चार किलोमीटरवर मरायची. दहा मिनिटांनी परत चालू, परत तीन-चार किलोमीटर. त्यांनी प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा धुऊन घेतला. पटांगणात त्यांनी हे सांगितले, तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, 'काका, टाकीत पेट्रोल कमी होतं तेव्हा त्याच्या जागी काय येतं?' सगळे गप्प. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला एक बारीक भोक असते. त्यांच्या झाकणाचे भोक धूळ आणि पॉलिशने बुजले होते. पेट्रोल खाली उतरताना वर हवा शिरू शकली नाही की आतला दाब कमी होतो आणि पेट्रोल उतरणे थांबते. इंजिन थांबल्यावर हळूहळू कुठून तरी थोडी हवा शिरते, म्हणून दहा मिनिटांनी ते परत चालू व्हायचे. तेलाच्या डब्याला आपल्या घरी दोन भोके पाडतात, ती याचसाठी. टाचणीने भोक मोकळे केले, काम झाले. अशी गाडी वाटेत थांबली की आधी झाकण उघडावे. 'स्स' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर दुसरे काही बदलू नये.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात ऑइल वेगळे राहत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. प्रमाण 2 टक्के, म्हणजे लिटरला 20 मि.लि. पाच लिटरला किती, हे पाचवीच्या मुलांनी सांगावे. पूर्वी पेट्रोल पंपावर ऑइलचे मशीन उभे असायचे. आता ते बहुतेक ठिकाणी दिसत नाही, म्हणून 2टी ऑइलची बाटली आणि मोजमाप डिक्कीत ठेवावे. काही लोक 'थोडे जास्तच बरे' म्हणून दुप्पट घालतात. त्याने इंजिनाची सेवा होत नाही, सायलेन्सरमध्ये काजळी बसते आणि मागच्या माणसाच्या नाकात धूर जातो. कमी घातले तर मात्र पिस्टन धरतो, आणि तो चालत्या गाडीत धरला तर मागचे चाक जागच्या जागी जखडते. अशा वेळी लगेच क्लच दाबायचा, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. गिअरचे ऑइल वेगळे. ते एसएई 30, सुमारे 250 मि.लि. गाडी सरळ उभी असताना भरायच्या भोकातून बाहेर येऊ लागले की पुरे झाले.

एक नवी गोष्ट जुन्या गाड्यांना भोवते आहे. 2025 पासून आपल्याकडच्या पंपांवर साधारणपणे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आमची स्कूटर बनली तेव्हा हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. त्यामुळे पेट्रोलची नळी फुगते, मऊ पडते किंवा तडकते. ती दरवर्षी वाकवून, नखाने दाबून बघावी, आणि बदलताना इथेनॉल सोसणारी नळी मागून घ्यावी. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरले तर घाबरू नये. गाडी सुट्टीत महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. मे महिन्यात गावाला जाऊन आल्यावर गाडी रुसते, त्याचे निम्मे कारण हेच असते.

टायरबद्दल थोडक्यात. आमच्या गाडीचा आकार 3.50-10. हवा पुढे 18 पौंड, मागे एकट्यासाठी 25 आणि मागे कोणी बसणार असेल तर 36. हवा भरणारे भाऊ दोन्हीकडे तीसच भरतात. त्यांना आकडा सांगावा. पुढे जास्त हवा झाली तर खड्ड्यात हँडल उड्या मारते.

पण चाकाविषयी एक गोष्ट थोडक्यात सांगून चालणार नाही. स्कूटरचे चाक मोटरसायकलसारखे एकसंध नसते. त्याची रिम दोन अर्धुकांची असते आणि ती दोन अर्धुके नटांनी जोडलेली असतात. चाक गाडीला धरून ठेवणारे नट वेगळे असतात. दिसायला सारखेच. हवा भरलेली असताना चुकून रिमचे नट उघडले, तर आतल्या दाबाने दोन्ही अर्धुके उसळून फाकतात आणि समोर असलेल्या हाताचे, तोंडाचे काही सांगता येत नाही. दुसऱ्या रविवारी एका मुलाने नेमका तोच नट पान्यात धरला. आम्ही चार पावलांवर होतो. त्याचा हात धरला तेव्हा आमच्याच तळहाताला घाम आला होता.

ओळखायचे कसे? चाक सुटे असताना नीट बघून ठेवावे. गाडीपासून सुटल्यावरही चाकावर जे नट राहतात, ते रिमचे. त्यांना आम्ही लाल रंगाचा ठिपका लावला आहे. नखांना लावायचे पॉलिश त्याला उत्तम, घरातून कोणाचे तरी मागून घ्यावे. घरी आपण फक्त बिनठिपक्याचे नट उघडायचे आणि स्टेपनी लावायची. लाल नट पंक्चरवाल्याचे, आणि त्यानेही आधी वाल्व्ह काढून हवा पूर्ण सोडली आहे ना, हे उभे राहून बघायचे.

मुलांनी मुळीच करू नये अशी आणखी तीन कामे आहेत. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे, हे त्यातले पहिले. हे आपण सगळ्यांनी बघितले आहे, काहींनी केले आहे. पेट्रोलचा एक छोटा घोट चुकून श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला गंभीर इजा होते. कोणी पेट्रोल गिळले तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसात जाऊ शकते. सरळ दवाखान्यात न्यावे. पेट्रोल काढायचेच असेल, तर कार्बोरेटरकडची नळी सोडून, कॉक उघडून बाटलीत उतरू द्यावे. दुसरे, ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकून उडवणे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. त्याची धूळ श्वासात गेली की वर्षानुवर्षे शरीरात राहते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. तिसरे, थंडीत व्हरांड्याचे दार लावून इंजिन चालू ठेवणे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हत्यारे फार लागत नाहीत. प्लग पाना, 10-11 आणि 12-13 चे पाने, एक पक्कड, एक पेचकस (पुण्याचे पाहुणे याला स्क्रू ड्रायव्हर म्हणतात, वस्तू तीच), चाकाचा पाना, जुना दात घासायचा ब्रश आणि जुने सुती धोतर. धोतरासारखे फडके दुसरे नाही, धागे सोडत नाही. भाग धुवायला रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालते. पेट्रोलने हात धुऊ नयेत. कागदपत्रांचे म्हणाल, तर नोंदणी 15 वर्षांनी नवी करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. धुराचे प्रमाणपत्र वेळेवर घ्यावे. ते मिळण्याइतकी गाडी नीट नसेल, तर ती रस्त्यावर नसलेलीच बरी.

सर्वात उपयोगी हत्यार मात्र वडिलांकडून आले आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही. 1988 पासून प्रत्येक वेळी किती पेट्रोल घातले, काटा किती होता, कोणती वस्तू कधी बदलली, हे त्यांनी तारखेसह लिहिले. शेवटची त्यांच्या अक्षरातली नोंद 2011 ची आहे, गिअरच्या वायरीची. पुढची पाने आमची, आणि त्यात बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. 2016 च्या जूनमध्ये ब्रेकचा नट तीनदा आवळल्याची नोंद आम्ही केलीच नव्हती. केली असती तर तिन्ही तारखा एकाखाली एक दिसल्या असत्या.

वही लिहिली की ॲव्हरेजही आपोआप निघते. टाकी भरून घ्यावी, काटा लिहावा, पुन्हा टाकी भरेपर्यंत जितके किलोमीटर झाले त्यांना दुसऱ्या वेळी लागलेल्या पेट्रोलने भागावे. आमची गाडी लिटरला 40 च्या आसपास देते. ती 34 वर आली, तेव्हा काहीच बिघडल्यासारखे वाटत नव्हते. वहीत आकडा दिसला म्हणून चाके हाताने फिरवून बघितली, तर मागचे चाक ब्रेकला घासत होते. ब्रेक जरा जास्तच आवळला गेला होता, पुन्हा आमच्याच हातून.

पुढचा वर्ग दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, पटांगणात. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी ती आणावी, टाकी अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. मुलींनी ओढणी व वेणी बांधून यावे, मुलांनी मनगटातले कडे आणि गंडेदोरे काढून यावे. बुटांशिवाय कोणालाही गाडीजवळ येऊ देणार नाही. नवी वही प्रत्येकाने आपली आणायची आहे. पहिल्या पानावर गाडीचा आजचा काटा घरूनच लिहून आणावा.